साडूभाऊंचा आशिया खंड

माझ्या थोरल्या साडूभाऊंइतका निःपक्षपाती माणूस आशिया खंडात दुसरा झाला नसेल. पालघरकडच्या दांडी गावाजवळच्या त्यांच्या वाडीत चिकूचं प्रत्येक झाड म्हणजे एक देश होता. आशियाई देशांची फुटबॉल स्पर्धा चार वर्षांनी एकदा व्हायची. तिच्यातल्या पहिल्यापासूनच्या सगळ्या सामन्यांचे गुण जोडून कोणता देश कितवा, याचा तक्ता त्यांनी पडवीच्या भिंतीवर खडूने आखला होता, आणि झाडांना पाणी त्याच क्रमाने मिळायचं. मध्येच वीज जाऊन पंप थांबला की तळाच्या देशांची आळी कोरडी. "त्यांनी जिंकावं," साडूभाऊ म्हणायचे, "आमी कुनाला अडवलंय?" स्वतः त्यांनी आयुष्यात एकदाच चेंडूला लाथ मारली होती, तो विहिरीत गेला. माझी मेव्हणी, ताई, एकदा म्हणाली, "या घरात माझा कितवा नंबर?" ते गंभीरपणे म्हणाले, "तू अजून पात्रता फेरीत हायस."

निकाल पुरवायचं काम माझं. पालघरला माझ्या कचेरीत इंग्रजी पेपर यायचा. "तू सरकारी मानूस, आकडा चुकवायचा नायस," हा त्यांचा विश्वास. आणि मी तो मोडला. चौऱ्याऐंशी साली भारत त्या स्पर्धेत खेळला, तेव्हा साडूभाऊ तापाने फणफणले होते. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. मी गेलो तर डोळे न उघडता विचारलं, "चीनशी काय झालं?" चीनने आपल्याला चांगलंच हरवलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "बरोबरी." ते उठून बसले आणि वाडगाभर पेज प्याले.

भारताला फुकटचा एक गुण मिळाला आणि चीनचा एक गेला. तेवढ्याने चीन एक पायरी घसरला, आणि वीज जाईपर्यंत पंपाचं पाणी नेमकं त्या पायरीच्या वरच्या झाडापर्यंतच पुरायचं. बिचाऱ्या झाडाची पानं पिवळी पडू लागली. मला झोप लागेना. मग दर रविवारी, साडूभाऊ जेवून आडवे झाले की, मी विहिरीवरून चार बादल्या आणून चीनच्या आळ्यात ओतायचो. त्या हंगामात चीन फळांनी वाकला.

साडूभाऊ तीन दिवस त्या झाडाभोवती फिरले. चौथ्या दिवशी मी गेलो, तर पंपाला कुलूप. "पानी न घेता चीन फळतो, मग बाकीच्यांचे लाड कशाला? आजपासून कुनालाच पानी नाय."

"अवो, वाडी जळंल," ताई म्हणाली. सगळं घर त्या वाडीवर चालत होतं.

मी बादल्यांपासून सांगायला सुरुवात केली आणि तापाच्या दिवसापर्यंत मागे गेलो. साडूभाऊ भिंतीपाशी गेले. मग ओल्या फडक्याने दोन आकडे पुसले, नवे लिहिले, कुलूप काढलं आणि पंप सुरू केला. पाठमोरेच म्हणाले, "ताप उतरला होता रे त्या दिवशी." थोड्या वेळाने, "पुढच्या येळेला पेपरच घेऊन ये."

भारताचा एक तरी खरा विजय पेपरातून कापून त्यांच्या हातावर ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. पुढच्या स्पर्धेत भारत पोचलाच नाही, त्याच्या पुढच्याही नाही. साडूभाऊ गेले तेव्हा मी पडवीतल्या त्या भिंतीसमोर उभा राहिलो. बाकीचे देश त्यांनी दाटीवाटीने बसवले होते. भारताच्या ओळीपुढे मात्र वीतभर जागा मोकळी सोडली होती.