टिकलीएवढी पट्टी

दादाच्या बरगडीखाली टिकलीएवढी पट्टी आहे. पडद्यावर बघत बघत डॉक्टरांनी तिथूनच सुई आत नेली आणि यकृतातली गाठ उष्णतेने जाळली. यंत्राला त्याच्या आतलं नेमकं दिसलं. मला मात्र लोकांचे चेहरेच दिसत होते. यकृत म्हटलं की लोक दारूच समजतात, म्हणून त्याला न विचारताच मी नातेवाइकांना पित्ताचे खडे सांगितले होते. दादाने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही.

आज मावशी भेटायला आली. "खडे निघाले का रे सगळे?"

दादाने माझ्याकडे एकदा बघितलं. मी खिडकीबाहेर पाहू लागले.

"निघाले, मावशी," तो म्हणाला आणि सदरा खाली ओढून त्याने ती पट्टी झाकली. लाज माझी होती.