रईबेनच्या कोंबड्याशी जुळणारा लाल

“साहेब, पेला लाल कूकडानी डोक वांकी थई गई छे,” आमच्या सरकारी कुक्कुट फार्मवरचे नटूभाई फोनवर म्हणाले, तेव्हा मी मांडवीत चिवड्याच्या दुकानात उभा होतो.

मान वाकडी, म्हणजे मानमोडी. कोंबड्यांचा राणीखेत रोग. त्याला औषध नाही, फक्त लस. तीही आधी द्यावी लागते. मी चिवडा टाकून फार्मवर पोचेपर्यंत कोंबडा गेला होता.

कोंबडा रईबेनचा. पादरा गावाच्या पुढे एका खेड्यात ही बाई एकटी राहते. सरकारी पशुवैद्य म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी मीच त्या गावात योजना नेली होती : देशी कोंबडा द्या, ऱ्होड आयलंड रेड घेऊन जा. ही विलायती लाल जात अंडी भरपूर देते, पण खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही. पिल्लं मशिनात काढावी लागतात. हे मी भाषणात जरा हळू आवाजात सांगायचो. सगळ्या गावाने कोंबडे बदलले. रईबेनने आपला टोपलीखाली लपवला.

आता वरून हुकूम आला : भेसळ नसलेली स्थानिक लाल कोंबडी शोधा, मापं घ्या, जात म्हणून नोंदवायची आहे. ती नामशेष करत हिंडणारा मी, आता टेप आणि कॅमेरा घेऊन तिलाच शोधत हिंडू लागलो. सापडल्या रईबेनच्या सात कोंबड्या, आणि त्या लपवलेल्या कोंबड्याचा हा एकुलता एक नर वंशज. मापं आणि फोटोंसाठी मी तो फार्मवर न्यायला मागितला.

“आठ दिवस हां, साहेब,” ती म्हणाली. “आ एकज छे.”

“आपल्या घरचाच समजा,” मी म्हणालो.

आणि घरच्यासारखाच सांभाळला. फार्मवर आल्याआल्या त्याला क्वारंटाइनमध्ये ठेवलं. क्वारंटाइन म्हणजे नव्या पक्ष्याला काही दिवस वेगळं ठेवणं. यावर मी तासभर न थांबता बोलू शकतो. पण आमच्याकडे क्वारंटाइनची शेड आणि आजारी कोंबड्यांची शेड एकच. मधे फक्त जाळी. खेड्यातला पक्षी घाणेरडा, आपला फार्म स्वच्छ, या हिशोबाने मी फार्मला कोंबड्यापासून वाचवलं. कोंबड्याला फार्मपासून वाचवायला कोणी नव्हतं. जाळीपलीकडे शिंकणाऱ्या कोंबड्यांना लस दिलेली होती. त्या शिंकून बऱ्या झाल्या. याला मी लस दिली नव्हती. म्हटलं, आठ दिवसांचा तर पाहुणा.

सहाव्या दिवशी पाहुणा गेला.

त्याच दिवशी रईबेनकडे जायला हवं होतं. गेलो नाही. “साहेब, लाल ते लाल,” नटूभाई म्हणाले. “बीजो आपी दो.” दुसरा देऊन टाका. मला ते पटलं, हे लिहितानाही लाज वाटते.

मग मी लाल शोधत हिंडलो. ऱ्होड आयलंड रेड फारच गडद, विटकरी. न्यू हॅम्पशायर फिकट. झुंजीच्या असील जातीचा लाल बरोबर, पण अंगाने पैलवान. रईबेनच्या कोंबड्याची मान केशरी, पाठ डाळिंबाच्या दाण्यासारखी. लहरीपुऱ्याच्या बाजारातून मी पिसं रंगवायला मेंदीचं पाकीटसुद्धा आणलं.

“अहो, मेलेल्या कोंबड्याचा डबल रोल शोधताय?” बायको म्हणाली. “जाऊन सांगा ना बाईला सरळ.”

विसाव्या दिवशी एक बऱ्यापैकी जुळणारा संकरित कोंबडा टोपलीत घालून गेलो. रईबेनने टोपलीवरचं फडकं उचललं आणि पुन्हा खाली सोडलं.

“मारो क्यारे मर्यो, साहेब?” माझा कधी मेला.

“सहाव्या दिवशी.”

ती ओट्यावर बसली. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. कोंबडा दूर नेला तरी कोंबड्या पुढे आठ-दहा दिवस फळलेली अंडी देतात. म्हणजे पिल्लू होईल अशी. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात.

“रईबेन, अंडी? त्या दिवसांतली?”

“वेची दीधां. नेहमीसारखी विकली. तो येणारच होता ना परत.” तिने अंगणातल्या कोंबड्यांकडे हात केला. “एक तर खुडूक बसली होती. पाण्यात बुडवून उठवली मी. म्हटलं, तो आला की बसवू.”



“तमे कह्युं होत तो राखत ने,” ती म्हणाली. सांगितलं असतंत तर ठेवली असती. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. तिने मला पाणी आणून दिलं. टोपली मात्र परत न्यायला लावली.

सातही कोंबड्या अजून आहेत. दर काही महिन्यांनी एखादी न फळलेल्या अंड्यांवर खुडूक बसते. अहवालात नराच्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. क्वारंटाइनची शेड आता वेगळी आहे, फार्मच्या पार दुसऱ्या टोकाला. नवीन डॉक्टर मुलं कौतुकाने विचारतात, की ही कल्पना कोणाची. मी त्यांना सांगतो : कोंबडा मेला तर त्याच दिवशी मालकाला कळवा. अंडी अजून घरात असतात.