जहांगीर सरांचा चहा

जहांगीर सर गेले, तेव्हा शाळेच्या शोकसभेत तातेरावांना दोन शब्द बोलायला उभं केलं. इतकी वर्षं शिक्षकखोलीत दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी, पण सरांचं मूळ गाव कोणतं, त्यांना कशाची काळजी वाटायची, काय दुखायचं खुपायचं, यातलं तातेरावांना काहीच ठाऊक नव्हतं. "सर चांगले होते," एवढंच म्हणून ते खाली बसले.

त्यांना माहीत होते ते सरांबरोबरचे उन्हाळे.

हिंगोलीच्या बाहेर, सेनगाव रोडला, प्लॉट पडून वस्ती वाढली तिथलं हे सरकारी हायस्कूल. पूर्वी वर्गात बसायला जागा पुरायची नाही. मग खाजगी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या दारापर्यंत येऊ लागल्या आणि बाकं रिकामी पडली. पट घटला तर नववी-दहावी बंद, असं दर उन्हाळ्यात कानावर यायचं. पोरं सायकलवर शहरात गेली असती. पोरींना मात्र घरातूनच "बस झालं आता" ऐकावं लागलं असतं. जहांगीर सरांचा जीव त्यात अडकला होता. त्यांची लेक समरीन याच शाळेतून दहावी झाली होती.

म्हणून मे महिन्यात, डोक्याला रुमाल बांधून, मास्तरांनी लेकरं मागत दारोदार हिंडायचं. तातेराव मुळातच बुजरे. ते कडी वाजवायचे आणि मागे सरकायचे. बोलायचे ते जहांगीर सर.

एकदा एका घरी चहा आला. तातेरावांना पित्ताचा त्रास. ते सहज म्हणाले, "माझा आत्ताच झाला." बाईचा चेहरा उतरला. "आमच्या घरचा चालत न्हाई वाटतं," ती म्हणाली. तिचं लेकरू जूनमध्ये पिवळ्या बसमध्ये बसलं. रस्त्याला लागल्यावर जहांगीर सर एवढंच म्हणाले, "सर, चहाला न्हाई म्हणलं की त्या घराला न्हाई म्हणल्यावानी होतं." त्या दिवसापासून ते आपला कप संपवायचे आणि घरातल्यांची पाठ वळली की तातेरावांचाही उचलायचे. पाकासारखा गोड चहा, घरोघर, भर उन्हात.

शाळेत मात्र ते चहाला शिवत नसत. खिचडी शिजवणाऱ्या मिराबाई चिडवायच्या, "सरांचा वर्षाचा चहा उन्हाळ्यातच पिऊन होते." सर नुसते हसायचे. तातेरावही हसायचे.

शेवटच्या उन्हाळ्यात सर लंगडत होते. चप्पल लागली म्हणाले. दिवसभर हिंडून हाती काही लागलं नव्हतं. शेवटचं घर नर्मदाबाईंचं. त्यांची नात शिवकन्या आठवी पास झाली होती. ती आली तर नववी टिकत होती, नाहीतर नाही.

नर्मदाबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. "आले का मागायवाले," त्या म्हणाल्या. "मागल्या साली म्हणत होते, छत नीट होईन. झालं का?"

"न्हाई झालं, मावशी," जहांगीर सर म्हणाले. "खिडकीकडच्या कोपऱ्यात गळतंय. तिथं आमी कोनाला बसवत न्हाई."

"दुसरे मास्तर म्हणतात, आमच्या इथं फरशी हाय, पंखे हायेत."

"हायेत ना. पंखे लई चांगले हायेत त्यांचे."

म्हातारी हसली. "मंग तुमच्याकडं काहून पाठवू?"

"माझी पोरगी तिथंच शिकली. आज नर्सिंग करून राहिली. अन् शाळा तुमच्या दारातून दिसते. पोरगी आली का न्हाई, ते इथं बसूनच कळंन तुमाला."

नर्मदाबाईंनी शाळेकडे पाहिलं. मग आत आवाज दिला, "शिवकन्या, चहा ठेव. साखरेला हात आखडू नको, मास्तर दमलेत."

सरांनी दोन्ही कप संपवले.

सरांना कितीतरी वर्षांपासून साखरेचा आजार होता, हे तातेरावांना समरीनकडून कळलं, तेही सर गेल्यावर. पायाची जखम शेवटपर्यंत भरली नव्हती. "अब्बांनी घरी चहात साखर कधीच घेतली न्हाई," ती म्हणाली.

त्याआधी जूनमध्ये, शाळा उघडली त्या दिवशी, सरांना नांदेडला दवाखान्यात नेत होते. जीप शाळेच्या फाटकापाशी थांबवून त्यांनी तातेरावांना बोलावून घेतलं.

"पोरगी आली का, सर?"

"आली. म्हातारीच आणून सोडून गेली."

"कुठं बसली?"

"खिडकीकडं बसत होती. उठवलं."

"बराबर केलं. बरं, येतो मंग."

"या," तातेराव म्हणाले.