सायाळीने सोललेला आंबा

आई गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सायाळीने आमच्या वावरातल्या आंब्याची साल खाल्ली. मी कळंबला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. वडील जवळच्या गावी एकटे राहतात. त्या रविवारी मी वावरात गेले, तर खोडाच्या बुडाशी वीतभर रुंदीचा पट्टा चहूबाजूंनी कुरतडलेला होता. आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं होतं आणि बाजूला सायाळीचे दोन काटे पडले होते.

झाड आईने लावलेलं. वडिलांना बोलावून दाखवलं. त्यांनी मान वर करून फांद्यांकडे पाहिलं.

"पानं तं हिरवीगार हायेत," ते म्हणाले आणि बैलांकडे निघून गेले. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं असंच एखाद्या वाक्यावर संपत असे.

पानं हिरवी का होती ते मला ठाऊक होतं. दरवर्षी फळ्यावर मी तेच काढते. मुळांनी ओढलेलं पाणी लाकडातल्या जलवाहिन्यांतून वर चढतं. त्या पेशी कधीच्या मेलेल्या असतात, नुसत्या पोकळ नळ्या उरलेल्या. पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांकडे येतं ते सालीच्या आतल्या रसवाहिन्यांतून, आणि हे काम जिवंत पेशींनाच जमतं. सायाळीने नेमका तोच थर खाल्ला होता. पाणी वर जात होतं, अन्न खाली येत नव्हतं. मुळं साठवणीवर दिवस काढत होती. ती मेली की मग पाणीही थांबणार होतं. वर्गात हे सांगताना माझा आवाज कधी बदलला नव्हता. तिथे खोडाशी उकिडवी बसले आणि उघड्या लाकडावरून बोट फिरवत राहिले.

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं वडिलांना सोप्या शब्दांत सांगितलं. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

"म्हंजे वरून समजतच नाही?"

"नाही समजत, बाबा. बरेच महिने नाही."

मग ते हळू म्हणाले, "तुही माय बी गेल्या साली दिवाळीपर्यंत भाकरी थापून राह्यली होती. मले वाटे, चांगली हाय."

आईला पोटाचा कर्करोग होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्याविषयी वडील तोवर कोणाशीही बोलले नव्हते, माझ्याशीसुद्धा.

"मलेही नाही समजलं, बाबा," एवढंच मी म्हणाले.

ते पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, आता झाडाला काही करता येतं का. एक उपाय मी पुस्तकात वाचला होता. त्याच झाडाच्या कोवळ्या काड्या घ्यायच्या आणि जखमेवरून पुलासारख्या बसवायच्या, एक टोक खालच्या सालीत, दुसरं वरच्या सालीत. मी स्वतः कधी केला नव्हता, तेही सांगितलं. "करू," ते म्हणाले.

फाल्गुनात नवी पालवी फुटू लागली आणि साल लाकडापासून सहज सुटायला लागली, तेव्हा आम्ही कलमं बांधायला बसलो. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक ओलसर, बुळबुळीत थर असतो. नव्या पेशी तिथेच जन्मतात. काडीचा तो थर खोडाच्या त्याच थराला भिडला तरच कलम धरतं. शिवाय काडीचं बूड खालीच राहायला हवं. वडिलांनी प्रत्येक काडीच्या बुडाला चुन्याचं बोट लावलं, म्हणजे घोळ होणार नाही. मी टोकं पाचरीसारखी तासत होते, ते साल उचलून धरत होते. बारीक खिळे ठोकले, सांध्यांवर मेण चढवलं, वरून ओलं गोणपाट गुंडाळलं. दुपार कलली तरी ते उठले नाहीत. मध्येच, मी काही विचारलं नसताना, आईच्या दवाखान्यातल्या दिवसांबद्दल बोलू लागले. रात्री तिला झोप येत नसे आणि ती त्यांना गावातल्या कोणाकोणाची खबर विचारत असे. मी चाकू खाली ठेवला नाही. थांबले असते तर तेही थांबले असते.

पोळ्यापर्यंत बऱ्याच काड्या वाळल्या. तीन जगल्या आणि बोटाएवढ्या जाड झाल्या. ओढ्याकडच्या बाजूला एकही धरली नव्हती, त्या अंगाची मोठी फांदी हळूहळू सुकली. वडिलांनी ती स्वतः करवतीने कापली आणि कापल्या जागी शेण-माती लिंपली.

त्या वर्षी मोहोर आला नाही. पुढच्या वर्षी आला, तोही उरलेल्या अर्ध्या झाडाला. वडिलांनी खोडाभोवती काटेरी कुंपण घातलं आहे. रविवारी मी गेले की आम्ही दोघं आंब्याखाली बसतो आणि ते आईविषयी बोलतात, कधी थोडं, कधी अंधार पडेपर्यंत.