भिंतीवरचा मचवा

रेवदंड्याच्या नजमुद्दीनचा हात म्हणजे हात! मचव्याच्या अंगावर पट्टा ओढायचा तो एका दमात, दोरी न लावता. बंदरात ज्याच्या त्याच्या मचव्याचे पट्टे वेगळे. खाडीच्या तोंडाशी मचवा दिसला की बायका पट्ट्यांवरून सांगत, अमक्याचा आला. बाळाजी तांडेलाचे पिवळा नि निळा, मधे बारीक पांढरा. बाळाजी कोळी, हा मुसलमान. पण नारळी पुनवेआधी त्या मचव्याला वीस वर्षं दुसऱ्या कुणाचा कुंचला लागला नव्हता.

चौतीस साली अलिबागेला यंत्रांचं प्रदर्शन भरलं. मचव्याला बसवायचं तेलाचं इंजिन तिथं मांडलं होतं, त्याच्या पाठची भिंत रंगवायचं काम नजमुद्दीनला मिळालं. प्रदर्शनाच्या साहेबानं सांगितलं, एकीकडे इंजिनाचा मचवा झोकात चाललेला काढ, दुसरीकडे जुना, फाटक्या शिडाचा, बुडायला आलेला. नवा त्यानं मनानं काढला. जुन्याला पट्टे ओढताना हात सवयीनं गेला तो थेट बाळाजीच्या रंगांवर. त्याला कळलंसुद्धा नाही. इथवर त्याला दोष द्यायचा नाही बुवा.

पण पुढं? उद्घाटनाच्या सकाळी बायको जहुरा भिंत बघायला आली नि थबकलीच. "अवो, हा तर बाळाजीभावाचा मचवा! पुसा आधी."

दोन फटकारे पुरले असते. तेवढ्यात साहेब आला. "वाहवा, हुबेहूब! हा जुना तर फारच छान." झालं! स्वारी चढली हरभऱ्याच्या झाडावर. "राहू दे गं, कोण बघतंय," म्हणाला.

कोण बघतंय म्हणे! अख्खं बंदर लोटलं. बाळाजी नवी बंडी घालून, बायकोला, सोनाबाईला घेऊन, 'आमच्या नजमुद्दीनची भिंत' बघायला आला होता. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "तांडेल, तुमचा मचवा बुडाला की!" हशा पिकला. बाळाजी हसला नाही, रागावलाही नाही. सोनाबाईनं मात्र असं पाहिलं की नजमुद्दीनला वाटलं, धरणी दुभंगावी. संध्याकाळीच त्यानं ते पट्टे पुसले. पण बूंद से गई वो हौद से आती है काय?

नारळी पुनवेला आठ दिवस असताना तो रंगाचे डबे घेऊन बंदरावर गेला. बाळाजी मचव्याला वरपर्यंत डांबर फासत होता. नुसता काळाकुट्ट, एक पट्टा नाही.

"बाळाजी, चुकलो रे मी. सरक, मी ओढतो पट्टे."

बाळाजीचा आवाज नेहमीसारखाच मऊ. "राग न्हाय रं. पन पट्टे दिसलं का लोक हसतान. वीस वर्सं तू रंगवलास, म्हून तर सगल्यांनी लगेच वलखला."

नजमुद्दीननं पुढं खूप भिंती रंगवल्या, मचवे रंगवले. शेवटपर्यंत म्हणायचा, बाळाजीनं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी सुखानं मेलो असतो.