सहावा पट्टा

परतूरच्या फलाटावर एक बाई मांडीवर पंचशील ध्वज घेऊन शिवत बसल्या होत्या. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच पट्टे, आणि कडेला याच पाच रंगांचे तुकडे एकाखाली एक जोडलेला सहावा. दोन-चार टाके घातले की त्या तळहातानं कापड सपाट करायच्या.

जुन्या जालन्यात माझं कापडाचं दुकान आहे. विटका रंग मला खपत नाही. सहाव्या पट्ट्यातला निळा पार उडालेला. मी म्हणालो, "मावशी, तेवढा उसवा. माझ्याकडं नवं कापड आहे, देतो."

"राहू द्या, दादा. लेकाच्या डिरेसचा हाय. कारखान्यात भट्टीवर भाजून गेला तो. एक शर्ट दोरीवर वाळत व्हता, तेवढाच राह्यला." सुई चालूच होती. "निळा म्हंजे करुणा, भंतेजी सांगतेत. अन् सहाव्यात समदे एकत्र येतेत. मंग त्यालाबी तिथंच बसवला. आता एकला न्हाई तो."

गाडी आली. विटका निळा आत राहील अशी घडी घालून त्या उठल्या.

त्यांचं गाव मी विचारलंच नाही. आता गाडीतून जाताना रुळालगत कुठल्या विहारावर असा ध्वज दिसला, की मी सहावा पट्टा बघतो. तिथला निळा नवाकोरा असला, की मन खट्टू होतं.