स्टिअरिंगमागची रिकामी जागा

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी अब्दुल्ला मुकादम यांनी लाल गाडीच्या बॅटरीची काळी वायर सोडवली, तिचं टोक फडक्यात गुंडाळलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. आता अर्धा तास थांबायचं. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असली की वीज तोडल्यावरही तिला फोडण्याइतकी धग थोडा वेळ उरते. ती विझेपर्यंत अब्दुल्लाभाई स्टिअरिंगला हात लावत नसत.

"म्हणजे अर्धा तास नुसतं बसायचं?" गाडीचा मालक विश्वजीत आठल्ये म्हणाला.

"तुम्ही बसा साहेब. मी उभा राहतो."

विश्वजीत बसलेलाच होता. गॅरेजमधली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची त्याने आल्याआल्या गाडीच्या तोंडासमोर ओढून घेतली होती आणि दीड तासात तिच्यावरून तो उठला नव्हता. निघालेल्या प्रत्येक स्क्रूचा तो मोबाइलवर फोटो काढत होता. चहा सांगितला तेव्हा "इथेच आणायला सांगा," म्हणाला. वय एकतीस, मूळचा पुण्याचा, नोकरी सॉफ्टवेअरची, घर नवीन पनवेलला. गाडी जपानी, दोन सीटांची, परदेशातून परतलेल्या कुणीतरी घरच्या सामानाबरोबर आणलेली. तिने तीन मालक पाहिले होते. विश्वजीतने ती सहा महिन्यांपूर्वी एका दलालाकडून घेतली होती. आता त्याला तिचं कारखान्यातून आलेलं जाड स्टिअरिंग नको होतं. शर्यतीच्या गाड्यांना असतं तसं लहान, कातडी चाक हवं होतं. ते चाक थेट बसत नाही. त्याच्या आणि स्टिअरिंगच्या दांड्याच्या मध्ये हब लागतो, वाडग्याएवढा, आतून दाते पाडलेला. तो विश्वजीतने बाहेरून मागवला होता. डबा त्याच्या मांडीवर होता आणि झाकणावर त्याचा हात.

कोनजवळच्या जुन्या हायवेवर असं काम करणारा दुसरा माणूस नव्हता. अब्दुल्लाभाई सतरा वर्षं शारजात होते. तिथे श्रीमंतांच्या पोरांना महिन्याला नवं स्टिअरिंग लागायचं, त्यामुळे हब बसवणं त्यांच्या हातात शर्टाच्या बटणासारखं बसलं होतं. तिथेच एकदा एका गाडीतून महागाचा पार्ट गायब झाला. गाडी उघडताना मालक समोर नव्हता. अब्दुल्लाभाईंनी काही घेतलं नव्हतं, पण चार महिने त्यांचा पासपोर्ट गॅरेजवाल्याच्या कपाटात राहिला. पार्ट कुणी नेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. २००६ मध्ये पनवेलला परतून स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा त्यांनी एक नियम केला: मालक समोर असल्याशिवाय स्टिअरिंग उघडायचं नाही. सात वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता.

तेव्हा विश्वजीत खुर्चीला चिकटून बसला याचं त्यांना वाईट वाटलं नाही. खटकलं ते दुसरंच. सकाळी त्यांनी विचारलं होतं, "जुनी एअरबॅग घरी नेणार ना? नीट गुंडाळून देतो." त्यावर तो म्हणाला होता, "हो, अर्थात. मोजून देणार ना?" आणि हसला होता. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग एकच असते. त्यात मोजायचं काय?

बारा वाजून पाच मिनिटांनी विश्वजीतचा फोन वाजला. ऑफिसचा होता. गॅरेजच्या पत्र्याखाली आवाज तुटायचा, म्हणून तो "हॅलो, हॅलो" करत उठला, हायवेच्या कडेला गेला आणि बोलत बोलत पेट्रोलपंपाच्या दिशेने दिसेनासा झाला. डबा त्याने सोबत नेला.

सव्वाबारा झाले. वीस झाले. जुम्म्याच्या नमाजाची जमात दीडला. हात धुऊन, कपडे बदलून, स्कूटरने पनवेलच्या मोहल्ल्यात पोहोचायचं म्हणजे एकच्या आत निघायला हवं. एअरबॅग आत्ता काढून ठेवली तर नट सैल करून जाता येईल आणि परत आल्यावर तासाभरात हब बसेल. अब्दुल्लाभाईंनी दोनदा रस्त्याकडे पाहिलं. शेजारी पंक्चरवाला बाळू टायर पाण्यात बुडवून बसला होता.

"बाळू, साहेब दिसतात का रे?"

"नाय बा," बाळू मान वर न करता म्हणाला.

बारा पंचवीसला त्यांनी स्टिअरिंगच्या मागचे दोन बोल्ट काढले. मधला तुकडा दोन्ही हातांनी धरून ओढला, आणि हात झटक्यात वर आले. सव्वा किलोच्या तयारीने ओढलं होतं. हातात आलं ते नुसतं कव्हर.

मागे काही नव्हतं. पिशवी नाही, तिला फुगवणारी डबी नाही. प्लास्टिकचं टोपण आणि त्याला आतून चिकटवलेली पत्र्याची पट्टी. एअरबॅगच्या दोन वायरींना तांदळाएवढा रेझिस्टर जोडून वर पिवळी टेप गुंडाळली होती. तो असला की गाडीला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, आणि समोरचा धोक्याचा दिवा लागत नाही. म्हणजे ही गाडी कधीतरी कुठेतरी आदळली होती, एअरबॅग फुटली होती, आणि नवी बसवण्याऐवजी कुणीतरी जागा झाकून टाकली होती.

अब्दुल्लाभाईंना हे समजायला दोन सेकंद लागले. आपलं काय झालं हे समजायला तेवढेही लागले नाहीत. सकाळी गाडीत एअरबॅग होती, असं मालक समजत होता. आता नव्हती. मध्ये वीस मिनिटं मालक नव्हता.

त्यांनी कव्हर जसंच्या तसं सीटवर ठेवलं आणि गाडीपासून चार पावलं दूर जाऊन उभे राहिले.

विश्वजीत बारा पन्नासला परतला. उघडं स्टिअरिंग त्याला लांबूनच दिसलं.

"तुम्ही माझ्यामागे उघडलंत?"

"उघडलं. माझी चूक झाली. आधी हे बघा."

त्याने बघितलं. फोटो काढला. मग कव्हर उलटसुलट करून आणखी एक काढला. "एअरबॅग कुठाय?"

"नव्हतीच, साहेब."

"नव्हतीच?" तो हसला. सकाळी हसला होता तसंच. "चाचा, मी तुमच्याकडे का आलो माहितीये? गाड्यांच्या फोरमवर तीन जणांनी लिहिलंय, कोनचा अब्दुल्ला, एक नंबर इमानदार. म्हणून आलो."

"मग?"

"मग आज रात्री मीपण लिहीन."

दहातली सहा गिऱ्हाइकं त्या फोरमवरून येत. काही ठाण्याहून, काही पुण्याहून. चावी हातात देऊन दिवसभर शिरढोणला मित्राकडे जाऊन बसणारेही होते. अब्दुल्लाभाईंनी फोरम कधी उघडून पाहिला नव्हता. मुलगी सिदरा कधीतरी वाचून दाखवायची. तिथे काय लिहिलं की काय होईल, हे मात्र त्यांना ठाऊक होतं.

"बाळू," त्यांनी हाक मारली, "मी इथून कुठे हललो का? काही उचलून नेलं का?"

बाळूने टायर पाण्यातून काढला. एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा अब्दुल्लाभाईंकडे. "आमी काय बघितलं नाय, भाय. माझं डोकं टायरात व्हतं."

"डोकं टायरात आणि कान?"

"कानात पानी."

सात वर्षं हा माणूस रोज त्यांच्या थर्मासमधला चहा पीत होता. अब्दुल्लाभाईंच्या मनात आलं, याला खरंच दिसलं नसेल, की कुणाच्या बाजूने बोलणं फायद्याचं ते हा अजून ठरवतोय?

विश्वजीतने दलालाला फोन लावला आणि मुद्दाम स्पीकर चालू ठेवला. दलालाने सगळं ऐकून घेतलं. मग गोड आवाजात म्हणाला, "सर, मैंने तो पूरी गाडी दी थी. मेकॅनिकला विचारा ना. असं नेहमी होतं."

एक वाजून पाच मिनिटं झाली. निघायची वेळ टळत होती. आत्ता स्कूटर काढली तर पळाला म्हणतील, हे अब्दुल्लाभाईंना कळत होतं. त्यांनी घरी बायकोला फोन केला. "फहमिदा, जुम्म्याला पोहोचत नाही. जोहरची नमाज इथेच पढतो." पलीकडून विचारलेल्या प्रश्नाला "मग सांगतो" एवढंच उत्तर दिलं.

मग ते विश्वजीतकडे वळले.

"साहेब, ही गाडी दोन एअरबॅगची. दुसरी डाव्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या आत. तिथे मी हात लावलाय का?"

"नाही. तिथले स्क्रू सकाळच्या फोटोत आहेत."

"उघडा. तुम्हीच उघडा. मी हत्यार देतो, सांगतो. गाडीला बोट लावणार नाही."

"आणि ती असली तर?"

"तर मी चोर. लिहा फोरमवर."

विश्वजीतने बाह्या दुमडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच पाना धरत असावा. पहिला स्क्रू त्याच्या हातून सीटखाली गेला. अब्दुल्लाभाई दाराबाहेर हाताची घडी घालून उभे राहिले आणि एकेक सांगत गेले: आधी खालचा कप्पा, मग कडेचे दोन, आता ओढा, जोरात नको, प्लास्टिकचा कान तुटेल. विश्वजीतचा इस्त्रीचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. बाळू टायर सोडून येऊन उभा राहिला होता.

"डावीकडं फिरव, शेट, डावीकडं. उजवीकडं आवळतं."

"आता दिसायला लागलं का तुला?" अब्दुल्लाभाई म्हणाले.

पन्नास मिनिटांनी विश्वजीत डॅशबोर्डखाली उताणा झाला आणि मोबाइलचा उजेड वर मारला.

"काय दिसतं, साहेब?"

"ब्रॅकेट आहे."

"ब्रॅकेटवर?"

"काही नाही. वायरीला पिवळी टेप आहे."

"टेपच्या आत?"

त्याने नखाने सोडवली. टेप वाळून कडक झाली होती, तिचे तुकडे त्याच्या चेहऱ्यावर पडले. आत तांदळाएवढा रेझिस्टर होता.

"तुम्ही पंचेचाळीस मिनिटं नव्हता," अब्दुल्लाभाई म्हणाले. "त्यातली वीस मी घड्याळाकडे बघत काढली. हे एक खोलायला तुम्हाला पन्नास लागली. आणि असली टेप एका दिवसात वाळत नाही. हात लावून बघा."

"मी तवाच बोललो असतो," बाळू म्हणाला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

विश्वजीत बाहेर आला. माफी मागितली नाही. दलालाला पुन्हा फोन लावला. तो बंद होता. हात पुसत पुसत त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "ठीक आहे. मग तुमचं काम सोपंच झालं. हब बसवून टाका."

"बसवतो."

"आणि हे डॅशबोर्डचं पण होतं तसं बंद करा. रेझिस्टर राहू दे. दिवा लागायला नको."

अब्दुल्लाभाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. सहा महिन्यांपूर्वी फसलेला माणूस अर्ध्या मिनिटात पुढच्याला कसं फसवायचं याचा हिशेब करत होता. हब बसला की मूळ कव्हर निघणार, मागची जागा कायमची झाकली जाणार. पुढचा मालक विचारेल तेव्हा हा सांगेल, हब बसवताना काढली, एअरबॅग मेकॅनिककडेच राहिली. आज टळलेला आळ वर्षभराने पुन्हा येणार होता, आणि तेव्हा उघडून दाखवायला काहीच उरलेलं नसणार होतं.

त्यांनी जॉब कार्डाचं पुस्तक काढलं, कार्बन घातला आणि सावकाश अक्षरात लिहिलं: गाडी आली तेव्हा दोन्ही एअरबॅग नव्हत्या. डावी बाजू मालकाने स्वतः उघडून पाहिली. खाली गाडीचा नंबर, चासीचा नंबर, तारीख.

"सही करा."

"हे कशाला?"

"माझ्यासाठी."

"चाचा, मी मान्य केलं ना तोंडाने? आता कागद कशाला? उद्या गाडी विकायची झाली तर..."

"त्यासाठीच."

"नाही केली तर?"

"तर मूळ स्टिअरिंग परत बसवून देतो, गाडी घेऊन जा. हब बसवणार नाही."

"मी लिहीन हां फोरमवर."

"लिहा. फोटो मात्र सगळे टाका. डावीकडचापण."

विश्वजीतने घड्याळ पाहिलं, गाडी पाहिली, खुर्चीवरचा हबचा डबा पाहिला. मग पेन घेतलं आणि एक वेटोळं काढलं. अब्दुल्लाभाईंनी कार्ड उजेडात धरलं.

"लायसन दाखवा."

"काय?"

"लायसनवर सही असते."

लायसनवर पूर्ण नाव होतं, सुवाच्य. कार्डावर वेटोळं. अब्दुल्लाभाईंनी दोन्ही शेजारी शेजारी धरून दाखवली आणि पेन पुन्हा पुढे केलं. या वेळी आठल्येंचं आडनाव पूर्ण उमटलं, खालच्या प्रतीवरसुद्धा.

"पोलिसात होतात का आधी?"

"शारजात होतो."

हात धुऊन त्यांनी टायरांच्या ढिगाआड चटई टाकली, जोहर पढली आणि कामाला लागले. पुढची चाकं सरळ केली. मधला नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. तो काढला तर ओढताना स्टिअरिंग तोंडावर येतं. दोन झटक्यांत जुनं चाक सुटलं. हबचे दाते दांड्यावर रेटण्याआधी त्यांनी बोटाने फिरवून पाहिले. बाहेरून आलेल्या मालावर त्यांचा तेवढाच विश्वास होता. दाते बसले. नट मापाच्या पान्याने आवळला, हलला तर कळावा म्हणून त्यावर रंगाची एक रेघ ओढली, सहा स्क्रू आडवेतिडवे घट्ट केले, हॉर्नची वायर जोडली. हबच्या डब्यातून नवा रेझिस्टर निघाला होता. तो त्यांनी न वापरता कार्डाबरोबर पाकिटात घालून दिला. जुने दोन्हीही काढून त्यातच टाकले. बॅटरी जोडल्यावर समोरचा दिवा लाल लागला आणि लागलेलाच राहिला.

"हा लागायला नको होता," विश्वजीत म्हणाला.

"एअरबॅग नाही म्हणून लागलाय. खरं तेच सांगतोय."

पाच वाजता गाडी बाहेर निघाली. जाण्याआधी अब्दुल्लाभाईंनी खिडकीत वाकून सांगितलं, की नवा हब पन्नास किलोमीटर चालला की नट पुन्हा तपासावा लागतो. उद्या सकाळी या. दहा मिनिटांचं काम आहे. पैसे नाहीत. विश्वजीत "येतो" म्हणाला. त्याची नजर समोर रस्त्यावर होती.

"येईल काय?" बाळूने विचारलं.

अब्दुल्लाभाईंनी जॉब कार्डाचं पुस्तक उघडलं. कार्बनची प्रत पुस्तकातून फाडून त्यांनी खिशात घातली. कागदही गायब होतात, म्हणून ती गॅरेजमध्ये ठेवायची नव्हती.

उद्या शनिवार. गॅरेज नऊला उघडतं. दहाची वेळ भिंतीवरच्या पाटीवर खडूने विश्वजीत आठल्ये यांच्या नावावर लिहिलेली आहे, आणि काम एकच आहे: नट तपासणे, मालकासमोर.